खडकवासल्याचं पाणी आणि दुपारचे तीन

ताई, मी २४ वर्षांची, राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. चष्म्याचा नंबर उजवा उणे साडेपाच, डावा उणे पावणेपाच, शिवाय डाव्याला एकचा सिलिंडर. ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. घामाने चष्मा नाकावरून घसरतो म्हणून पाडव्याच्या शोभायात्रेआधी चष्म्याचाच नंबर टाकून ऑनलाइन मंथली लेन्स मागवल्या. सकाळी सातला घालते, रात्री अकराला काढते. दुपारी तीनपर्यंत झकास, मग डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. मग ऑफिसच्या बेसिनवर लेन्स काढून धुते आणि परत घालते, तासभर बरं वाटतं. रात्री काढताना पंधरा मिनिटं झटापट. आई म्हणते, एक दिवस ती डोळ्याच्या मागे जाऊन बसेल. शनिवार-रविवार घालत नाही, त्यामुळे पहिलीच जोडी अजून चालू आहे. मैत्रिणी म्हणतात तुला लेन्स सूट होत नाहीत, सोडून दे. पण आता गणपतीचा सराव सुरू होईल आणि चष्म्याची तर एक काडीच तुटलीय, चिकटपट्टीवर चाललंय. काय करू? नाव छापू नका.

नाव छापत नाही. तुला ढोलवाली म्हणते.

आधी तुझ्या मैत्रिणींचं बघू. लेन्स तुला सूट होतात. सात ते तीन, म्हणजे आठ तास त्या तुझ्या डोळ्यात बिनतक्रार बसतात. त्याही कशा, तर कुणी डोळा न तपासता, चष्म्याचा नंबर टाइप करून मागवलेल्या आणि तीन महिने जुन्या. ज्यांना खरोखर झेपत नाहीत ती माणसं माझ्यासमोर तपासणीच्या खुर्चीत अर्ध्या तासात 'काढा हो हे' म्हणतात. तू त्या लेन्सचे जे हाल केले आहेस ते पाहता तीनऐवजी सकाळी दहालाच तक्रार यायला हवी होती.

मात्र 'बेसिनवर काढून धुते' हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. पुढचं वाचायच्या आधी आरशात बघ. डोळा लाल आहे का, दुखतोय का, उजेड खुपतोय का? यातलं एक जरी असेल तर पत्र बाजूला ठेव आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना लेन्स डबीसकट सोबत ने, कारण जंतू कुठला हे कधीकधी डबीतूनच सापडतं. डोळा स्वच्छ, पांढरा असेल तर ही जोडी, तिची डबी आणि सोल्यूशनची उघडी बाटली, तिन्ही कचऱ्यात टाक. कमोडमध्ये नको, लेन्स विरघळत नाहीत. पुढचा आठवडाभर चष्मा.

आता पाण्याचं. आपल्या घरात स्वच्छता म्हणजे पाणी. भाजी पाण्याने, देव पाण्याने, बाहेरून आल्यावर पाय पाण्याने, डोळ्यात कचरा गेला की पाण्याचे हबके. त्यात आपण पुणेकर. खडकवासल्याच्या पाण्याचं कौतुक आपल्याला इतकं, की मुंबईच्या पाहुण्याला पहिला पेला देऊन आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. त्यामुळे 'लेन्सला पाण्याचा थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही' असं मी सांगते तेव्हा समोरच्याला मी जरा कोरड्या स्वभावाची वाटते. पण नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावातल्या, सगळ्या पाण्यात अकँथामीबा नावाचा एक सूक्ष्मजीव असू शकतो. पिण्यात गेला तर तो आपलं काही वाकडं करत नाही. उघड्या डोळ्यात गेला तरी अश्रू आणि पापणी त्याला बहुधा वाहून नेतात. लेन्सखाली सापडला की मात्र त्याला वर झाकण मिळतं, आणि रोज लेन्स काढताघालताना कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, जे न दिसणारे ओरखडे पडतात त्यातून आत शिरायला वाट मिळते. संकट आलं की हा स्वतःभोवती कडक कवच करून बसतो आणि पिण्याच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन त्या कवचाचं काही करू शकत नाही. आजार दुर्मीळ आहे. पण ज्याला होतो त्याला महिनोन् महिने तासातासाला थेंब घालावे लागतात, वेदना विचारू नये अशा, आणि काहींना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट मिठाची. अश्रू खारट असतात हे तुला ठाऊक आहे. लेन्सचं सोल्यूशनही त्याच खारटपणाचं केलेलं असतं. साध्या पाण्यात मीठ नसतं, म्हणून मऊ लेन्स त्यात फुगते, आकार बदलते आणि डोळ्यावर घातली की घट्ट चिकटून बसते. धुतल्यावर तुला तासभर जे बरं वाटतं ते वरचा मळ थोडा निघाला म्हणून. त्या बरं वाटण्याची किंमत फार आहे. उकळून गार केलेलं, आरओचं, सीलबंद बाटलीतलं, कुठलंच पाणी चालत नाही. घरी मीठ घालून केलेलं तर मुळीच नाही. आणि लेन्स तोंडात घालून ओली करणारी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

हे सगळं सांगायचा मला काय अधिकार, ते ऐक. मी ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायच्या शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला असताना मावसबहिणीच्या लग्नाला कार्यालयात राहायला गेले आणि डबी घरी विसरले. रात्री स्वयंपाकघरातून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या, डावीत डावी, उजवीत उजवी, वर माठातलं पाणी. पहाटे मावशीने त्यातली एक वाटी तीर्थाची समजून दारातल्या तुळशीला घातली. उरलेली लेन्स मी डोळ्यात चढवली आणि एका डोळ्याने लग्न पाहिलं. अल्बममध्ये प्रत्येक फोटोत माझा उजवा डोळा कुंकवासारखा लाल आहे. मला काही ठाऊक नव्हतं असं नाही, परीक्षेत त्याच धड्यावर चांगले गुण होते. घरी परत जाऊन डबी आणायचा कंटाळा केला, एवढंच. पाच दिवस थेंबांवर भागलं, हे माझं नशीब.

आता दुपारचे तीन.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून आरपार दिसलंच नसतं. म्हणून त्याला लागणारा बराचसा प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेतो. आपण त्यावर पापुद्रा बसवतो आणि त्या पापुद्र्यातून जेवढा प्राणवायू झिरपेल तेवढ्यावर त्याला दिवस काढायला लावतो. या मऊ लेन्सचा जन्म, तुला गंमत वाटेल, आपल्या पानशेतच्या वर्षीचा. १९६१च्या जुलैत इकडे धरण फुटलं आणि त्याच वर्षी नाताळात प्रागमध्ये ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळातल्या पट्ट्या जोडून, सायकलचा डायनॅमो लावून घरीच लेन्स ओतायचं यंत्र केलं. साचा गरगर फिरवायचा आणि त्यात पातळ द्रव सोडायचा, की तो पसरून वाटीसारखा घट्ट होतो. सायकलच्या डायनॅमोवर, म्हणजे अगदी तेव्हाच्या पुण्याला शोभेल असं काम. त्या जुन्या मऊ लेन्समधून प्राणवायू जायचा तो लेन्समधल्या पाण्याच्या वाटेने, म्हणजे बेताचाच. गेल्या पंचवीसेक वर्षांत आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून तो कितीतरी जास्त जातो. तुझ्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघ, आणि पुढची जोडी घेताना सिलिकॉन हायड्रोजेलचीच माग.

पण लेन्स कितीही चांगली असली तरी सात ते अकरा म्हणजे सोळा तास होतात. सोळा तास चप्पलही कुणी घालत नाही. आठ-दहा तास पुरे, फार तर बारा. घरी आलीस की बॅग खाली, हात धुवायचे, लेन्स बाहेर, चष्मा वर, मग पोहे. लेन्स घालून झोपणं तर सोडूनच दे. बसमध्ये डुलकी लागली तर आभाळ कोसळत नाही, पण उतरल्यावर थेंब टाकून, लेन्स मोकळी करून काढावी. रात्रभर घालून झोपणाऱ्यांना डोळ्याच्या जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट असतो.

तुझ्या तीन वाजण्यामागे आणखी एक चोर आहे आणि तो तुझ्यासमोरच बसलेला असतो. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, आणि जी मिटते तीही अर्धवट, वरची पापणी खालीपर्यंत येतच नाही. लेन्सचा खालचा भाग वाळत जातो. वरून एसीचा झोत. कोडिंग करणाऱ्या मुलांच्या लेन्स मी यंत्राखाली बघते तेव्हा खालच्या कडेला उन्हात ठेवलेल्या पापडासारखी कोरड दिसते. यावर औषध फुकट आहे. फोन उचलताना, मीटिंग सुरू होण्याची वाट बघताना, डोळे सावकाश पूर्ण मिटायचे, क्षणभर मिटलेलेच ठेवायचे, उघडायचे. असं दहा वेळा. एसीची जाळी थेट तोंडावर असेल तर खुर्ची फिरव. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेव, म्हणजे पापणी कमी उघडी राहते. आणि पर्समध्ये लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब ठेव, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. डोळ्याची लाली घालवणारे थेंब वेगळे, ते लेन्सवर टाकू नकोस.

चांदणी चौकातून बाहेर पडलीस की हायवेची धूळ आणि वारा, हेही आहेच. हेल्मेटची काच खाली. स्कार्फ बांधतेस तेव्हा डोळ्यांपुरती जी फट उरते नेमकी तिथूनच वारा घुसतो, म्हणून काच खाली.

आणि हे मंथली प्रकरण. मंथली म्हणजे सील फोडल्यापासून तीस दिवस. शनिवार-रविवार वजा करून नाही, तू घातलीस तेवढेच दिवस मोजूनही नाही. दुधाची पिशवी फोडून ठेवली आणि रोज प्यायली नाही, म्हणून ते महिनाभर टिकतं का? अश्रूंतली प्रथिनं, मेद लेन्सवर साचत जातात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो थर पापणीला आतून घासायला लागतो, आणि पापणीच्या आत बारीक पुटकुळ्या येतात. मग खाज. मग चोळणं. सील फोडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लेन्सची तारीख मांड.

आता तुझ्या नंबराची गंमत सांगते, कारण ही चूक ऑनलाइन मागवणारे बहुतेक सगळे करतात. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यालाच टेकलेली. मधलं अंतर गेलं की नंबर बदलतो. चारच्या आत असेल तर फरक जाणवत नाही, तुझा आहे पावणेपाच-साडेपाच. चष्म्याचे उणे साडेपाच लेन्समध्ये सव्वापाच किंवा पाचवर येतात, पावणेपाचाचे साडेचार होतात. तू चष्म्याचाच नंबर घातलास, म्हणजे गेले तीन महिने तुझे डोळे गरजेपेक्षा जास्त नंबर ओढताहेत. लांबचं झकास दिसतं, पण जवळच्या स्क्रीनवर जादा ताण. दुपारनंतर कपाळ दुखतं का, तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे. शिवाय डाव्याचा एकचा सिलिंडर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसल्याचा नंबर, साध्या लेन्समध्ये गायबच झाला. त्याला टॉरिक लेन्स लागते. ती डोळ्यात गोल फिरू नये म्हणून तिचा तोल राखलेला असतो.

यासाठी एकदा फिटिंग करून घ्यायला हवं. सगळ्यांच्या डोळ्याची गोलाई सारखी नसते. खोक्यावर बीसी म्हणून ८.४, ८.६ असा आकडा असतो ना, तो त्या गोलाईचा. चांगली बसलेली लेन्स पापणी मिटली की किंचित हलते आणि परत जागेवर येते. त्या हलण्यातून खालचे अश्रू बदलत राहतात. अजिबात न हलणारी लेन्स पहिल्या तासाला फार आरामशीर वाटते आणि संध्याकाळी घट्ट बांगडीसारखी रुतते. हे आरशात कळत नाही, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या यंत्राखालीच दिसतं. ट्रायल लेन्स घालून अर्धा तास बाहेर बसवतील, चहा पिऊन ये म्हणतील, मग परत बघतील. जिथे पाच मिनिटांत 'घ्या मॅडम' म्हणतात तिथून उठून ये.

आता हात. आधी साबण, तोही साधा. मॉइश्चरायझरवाला नको, त्याचा तेलकट थर लेन्सवर बसतो आणि दिवसभर धुकं दिसतं. हात कोरडे करायला दोरे सुटणारा नवा टॉवेल घेऊ नकोस, जुना धुतलेला पंचा उत्तम. ठेचा केलास किंवा मिरच्या चिरल्यास त्या संध्याकाळी लेन्स आधी काढून ठेवलेल्या असाव्यात. मिरची साबणाने जात नाही, हे एकदा कळतं आणि मग जन्मभर लक्षात राहतं.

बेसिनवर उभं राहून घालायची सवय मोड. टेबलावर बस, छोटा आरसा आडवा ठेव, मान खाली घालून त्यात बघ. पडली तर टेबलावर पडेल. सुरुवात रोज उजव्यापासूनच. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेव, आणि ते टोक कोरडं हवं. बोट ओलं असेल तर लेन्स बोटालाच धरून राहते, डोळ्याकडे जात नाही. नव्या मुलींची निम्मी रडारड याचीच. आता ती उजेडाकडे धर आणि बाजूने बघ. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर बरोबर. पसरट बशीसारख्या बाहेर वळल्या असतील तर लेन्स उलटी आहे. उलटी घातली तर अनर्थ होत नाही, पण दिवसभर कडेला टोचत राहते, सरकत राहते. कडा कुठे फाटली नाही ना, तेही इथेच कळतं. फाटकी लेन्स 'आजचा दिवस' म्हणून घालायची नाही.

डाव्या हाताने वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरून वर खेच. पापणीच्या मधोमध धरलीस तर ती निसटून मिटणारच. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली. नजर थोडी वर, आणि लेन्स खालच्या पांढऱ्या भागावर टेकव. दाबू नकोस, टेकव. मग बोट काढ, पापण्या लगेच सोडू नकोस, नजर सावकाश खाली, उजवीकडे, डावीकडे फिरव. लेन्स आपली आपण जागेवर जाते. मग डोळा अलगद मिट. टोचत असेल तर डोळ्यातच चोळत बसू नकोस, काढ, सोल्यूशनने धू, परत घाल.

काढायची तुझी पंधरा मिनिटं. तू थेट बुबुळावरून चिमटीत धरायला बघतेस, हो ना? सगळेच तसं करतात. सोळा तासांनी वाळलेली लेन्स तिथून सुटत नाही. आधी दोन थेंब टाक. मिनिटभर पापण्या मिचकाव. मग वर बघ, खालची पापणी धर, तर्जनी लेन्सच्या खालच्या कडेवर ठेवून ती खाली पांढऱ्या भागावर ओढून घे. तिथे आली की अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी अलगद चिमटीत घे. पेरांनी, नखांनी नाही. तुझी नखं लांब असतील तर पथकासाठी नाहीतरी कापावीच लागतात.

एक धोक्याची जागा सांगते. पंधरा मिनिटं झटापट केली तरी निघत नाही, याचं एक कारण असंही असतं की लेन्स डोळ्यात नसतेच. ती केव्हाच गालावरून ओघळून शर्टावर पडलेली असते आणि माणूस उघडा कॉर्निया चिमटत बसतो. दुसऱ्या दिवशी डोळा उघडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी एक डोळा झाकून समोरचं घड्याळ बघ. धूसर दिसलं तर थांब, लेन्स बुबुळावर नाही. ती वरच्या पापणीखाली दुमडून बसली असेल किंवा खाली पडली असेल.

आणि आईला सांग, डोळ्याच्या मागे जायला वाटच नाही. पापणीचं आतलं अस्तर वर जाऊन वळतं आणि तेच डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतं, उशीच्या अभ्र्याची शिवण असते तसं. लेन्स फार तर त्या शिवणीपर्यंत जाऊन अडकेल. खाली बघत वरची पापणी मिटून वरून खाली हलका हात फिरवला की येते. नाही आली तर आमच्याकडे ये, आम्ही पापणी उलटून काढतो, त्यात नवल नाही.

सोल्यूशनबद्दल थोडक्यात. काढलेली लेन्स तळहातावर घेऊन त्यावर सोल्यूशन टाकायचं आणि दुसऱ्या बोटाने दोन्ही बाजूंनी चोळायचं, पंधरा-वीस सेकंद. बाटलीवर 'चोळायची गरज नाही' असं छापलं असलं तरी चोळायचं; भांडी नुसती भिजवून निघतात का? डबीतलं कालचं सोल्यूशन पूर्ण ओतून टाकायचं. शिळ्या वरणात ताजं वरण घालून ते ताजं होत नाही, पण डबीच्या बाबतीत निम्म्या पुण्याला ही काटकसर सुचते. २००६ साली अमेरिका, सिंगापूरसह बऱ्याच ठिकाणी लेन्स घालणाऱ्यांच्या डोळ्यांना फ्युझेरियम बुरशी लागली. एक सोल्यूशन जगभरातून मागे घ्यावं लागलं, आणि त्या तपासात ही वरून भर घालायची सवयही पुढे आली. सकाळी लेन्स घातली की रिकामी डबी सोल्यूशननेच विसळ, स्वच्छ टिश्यूने पूस, उघडी करून पालथी ठेव. बाथरूममध्ये गीझरच्या वाफेत नको, कपाटात ठेव. डबी दर तीन महिन्यांनी नवी. बाटलीसोबत फुकट येते ती लोक जपून ठेवतात, वापरत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही. कुणी हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन दिलं तर ते फार छान स्वच्छ करतं, पण ते त्याच्या खास डबीत सहा तास राहून सौम्य झाल्याशिवाय डोळ्यात गेलं तर ठणाणा कराल.

लेन्स आधी, काजळ नंतर. काढताना लेन्स आधी, मेकअप नंतर. काजळ पापणीच्या आतल्या कडेला नको.

आता पथक. सराव नदीकाठी, धूळ, वरून पाऊस, ढोलाच्या दोऱ्यांनी मळलेले हात, आणि मिरवणुकीत चार-पाच तास पाणी प्यायलाही उसंत नाही. तिथे मंथली लेन्स नकोच. डेली डिस्पोजेबल घे, फक्त सरावाच्या आणि वादनाच्या दिवसांपुरत्या. घालायच्या, वाजवायचं, घरी येऊन फेकायच्या. एका जोडीची किंमत जास्त वाटते, पण सोल्यूशन, डबी काही नाही, आणि तुझे वादनाचे दिवस वर्षात असे किती? सिलिंडरवाल्याही मिळतात. घालायच्या त्या घरून निघताना, स्वच्छ हाताने. लक्ष्मी रोडवर टेम्पोच्या आरशात बघून घालणारी एक ताशेवाली मला माहीत आहे. तिचं वादन उत्तम आहे, बाकी बोलत नाही. पावसाचे चार थेंब डोळ्यात गेले तर घाबरू नकोस, पण चिंब भिजलीस तर घरी पोचताच काढून टाक. गुलाल डोळ्यात गेला तर लेन्सवरून पाण्याचे हबके मारायचे नाहीत. बाटलीतल्या पाण्याने हात धू, लेन्स काढून फेक, मग उघडा डोळा खुशाल भरपूर पाण्याने धू, आणि त्या दिवशी परत लेन्स नाही. म्हणून कंबरपट्ट्याच्या पाउचमध्ये चष्मा असायलाच हवा. रंगपंचमीला तर लेन्स घालूच नयेत असं माझं मत आहे.

खरं सांगू? सरावाला लेन्स नसली तरी चालेल. चष्म्याच्या काड्यांना मागून बांधायची इलॅस्टिकची दोरी मिळते. दिसायला आजोबांसारखी, पण चष्मा हलत नाही. माझ्याकडे येणारे दोन ध्वजधारी हेच करतात.

शेवटचं. लेन्स काढली आणि अर्ध्या तासात डोळा शांत झाला, तर ती लेन्सची किरकिर. लेन्स काढल्यावरही दुखणं वाढत गेलं, उजेड सोसवेना, पाणी-चिकटा येऊ लागला, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ती रात्र वाट बघण्याची नाही. नेत्रतज्ज्ञ, नाहीतर महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाईसारखं मोठं नेत्र रुग्णालय गाठ. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे थेंब द्या' म्हणून काही आणू नकोस. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं आणि आतला जंतू मोकाट पसरतो.

आता या आठवड्याचा कार्यक्रम. लेन्स नाहीत, म्हणजे तुझ्याकडे उरला तो चिकटपट्टीवाला चष्मा. लेन्स घालणाऱ्याचा चष्मा धड नसला की तो रात्री अकरापर्यंत लेन्स ओढत राहतो. तुझे सोळा तास तिथूनच आले आहेत, असा माझा अंदाज आहे. तर आज संध्याकाळी आधी ती काडी बदलून घे, बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत उभ्या उभ्या बसवून देतात. आणि तिथेच इलॅस्टिकची दोरीही विचार.